सोमवारची पोटदुखी : बालरोग ओपीडीत मुलांच्या मनाची तपासणी कशी बसवायची

सोमवारी सकाळी पोट दुखणारी मुलं प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या ओळखीची असतात. माझ्याकडे आलेल्या अशाच एका दहा वर्षांच्या मुलाची फाइल बोटभर जाड होती. दोन सोनोग्राफी, तीनदा लघवीची तपासणी, चार वेळा जंताचं औषध. त्यात मी आणखी दोन रिपोर्टांची भर घातली आणि सगळं ठीक आल्यावर त्याच्या आईला म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्या." तिचा चेहरा उतरला. "म्हणजे तो नाटक करतोय का, डॉक्टर?" त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. मी लिहून दिलेल्या ठिकाणीही गेली नाही, हे पुढे कळलं.

चिठ्ठी बरोबर होती, ती द्यायची वेळ चुकली. शरीराचं सगळं तपासून झाल्यावर जे उरतं ते मनाचं, अशी मांडणी मी नकळत केली होती. आईने त्याचा अर्थ 'खोटं दुखणं' असा लावला, यात तिचं काहीच चुकलं नाही. तेव्हापासून मनाचे प्रश्न मी पहिल्या भेटीतच विचारते, स्टेथोस्कोप गळ्यात असतानाच. पुढे लिहिलेलं सगळं या एका बदलातून आलं आहे. तालुक्याच्या गावातली ओपीडी डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलंय : सकाळी चाळीस-पन्नास मुलं, एक डॉक्टर, एक सिस्टर, केसपेपर काढणारी एक ताई, आणि बालमानसोपचारतज्ज्ञ दोन तासांच्या प्रवासावर.

हे काम आपणच का करायचं? कारण मूल येतं ते आपल्याकडे. मानसोपचाराच्या दारात पाऊल टाकायला पालकांना वर्षं लागतात, लसीसाठी मात्र ते तारीख बघून येतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. चौदापर्यंतची सगळी वर्षं आपल्या केसपेपरवरची आहेत.

पायरी १ : पहिल्याच भेटीत दोन्ही विचारा

पुन्हा पुन्हा दुखणाऱ्या पोटात आधी धोक्याच्या खुणा शोधायच्या. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठतं का, वजन घटलंय किंवा उंची थांबली आहे का, उलटी हिरवी होते का, शौचात रक्त दिसतं का, दुखणं बेंबीपासून लांब एकाच जागी आहे का, अधूनमधून ताप किंवा सांधेदुखी आहे का. यातलं काही असेल तर शरीराचा शोध पुढे न्यावाच लागतो. काहीच नसेल तर तपासण्यांची यादी लांबवून फायदा नाही. ॲप्ली आणि नेश या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात साधारण दर दहा मुलांत एकाला तीन महिन्यांत तीनदा तरी रोजची कामं थांबवणारी पोटदुखी होती, आणि त्यातल्या फार थोड्यांत शरीराचा आजार सापडला.

मग पालकांना काय सांगायचं? माझी वाक्यं आता ठरलेली आहेत : "पोट खरंच दुखतंय. आतडं आणि मेंदू सारखे एकमेकांशी बोलत असतात. काळजी वाढली की आतडं हळवं होतं, एरवी न जाणवणारी हालचालही दुखते. म्हणून मी पोट तपासणार आहे, आणि झोप, शाळा, मित्र याबद्दलही विचारणार आहे. हे मी सगळ्यांनाच विचारते." शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याच मुलावर संशय घेतला जात नाहीये, हे त्यातून पालकांना कळतं.

मुलाला विचारताना 'शाळा आवडते का?' हा प्रश्न वाया जातो, उत्तर 'हो' असंच येतं. 'डबा कोणाबरोबर खातोस?' हे विचारून बघा. या एका प्रश्नावर मला जेवढं समजलं तेवढं कुठल्या फॉर्मने सांगितलं नाही. 'रिक्षात कुठे बसतोस, शेजारी कोण असतं?' आणि 'शाळेतल्या बाथरूमला कडी आहे का?' हेही विचारा. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. कडी नाही म्हणून दिवसभर शौच रोखून धरणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची बद्धकोष्ठता, चड्डीला लागणारे डाग, त्यावरून होणारी चिडवाचिडवी आणि मग शाळेला जायची भीती ही सगळी एकाच दोरीची गाठ असते. पोट साफ करणारं औषध आणि कडीबद्दल मुख्याध्यापकांना एक चिठ्ठी, दोन्ही लागतात.

पायरी २ : लसीच्या तारखांना पाहणी बांधा

वेगळा दिवस ठेवला की तो बारगळतो, म्हणून पाहणी लसीकरण कार्डावरच चढवायची.

नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीला विकासाचा तक्ता. तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्रात तयार झालेला त्रिवेंद्रम तक्ता आम्ही वजनकाट्याशेजारी भिंतीवर लावला आहे. दोन वर्षांपर्यंतच्या तक्त्यात १७ गोष्टी आहेत. बाळाच्या वयावर पट्टी उभी धरायची. पट्टीच्या डावीकडे संपलेली प्रत्येक गोष्ट बाळाला जमायला हवी. सिस्टरला हे एका दुपारीत शिकवता येतं.

सोळा ते चोवीस महिन्यांतल्या बूस्टरला स्वमग्नतेची (ऑटिझमची) पाहणी. एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची पालकांसाठीची प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच आहे, म्हणजे तारखा आपोआप जुळतात. गुण ० ते २ आले तर धोका कमी. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा भरून घ्यायची. ३ ते ७ आले तर पाठपुराव्याची मुलाखत. ८ किंवा जास्त आले तर मुलाखतीसाठी न थांबता सविस्तर तपासणीला पाठवायचं. प्रश्नावली सुई टोचायच्या आधी भरा. नंतर मूल रडतं, आई घाईत असते आणि सगळी उत्तरं 'हो हो' होतात. वाचता न येणाऱ्या आईला सिस्टरने प्रश्न आहे तसा वाचून दाखवावा, आपल्या मनाचं स्पष्टीकरण जोडू नये. भाषांतरही घरी करू नका, अधिकृत मिळतं ते वापरा. मुलाखतीत मात्र उदाहरण मागायचं. 'बोट दाखवतो' असं आई म्हणाली की 'काल कशाकडे दाखवलं?' असं विचारा. पुष्कळदा कळतं की मूल आईचा हात धरून मोबाईलपर्यंत नेतं. ते बोट दाखवणं नाही.

इथे माझी एक जुनी चूक सांगून ठेवते. 'याचे बाबाही उशिरा बोलले' हे आजीचं वाक्य मी एकदा पुरावा म्हणून स्वीकारलं आणि सहा महिने घालवले. आता नियम पक्का आहे : सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःची दोन शब्दांची जोडी नाही, किंवा आलेली भाषा कोणत्याही वयात गेली, तर थांबायचं नाही. आधी कानाची तपासणी, गरज पडली तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे यंत्राने पाहणारी तपासणी. आणि तिचा रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, थेरपीची वेळ त्याच दिवशी घ्यायची.

पाच वर्षांच्या बूस्टरला पीएससी-१७, म्हणजे मुलाच्या भावना आणि वागणुकीबद्दलची प्रश्नावली. सतरा प्रश्न, पालक पाच मिनिटांत भरतात. एकूण १५ किंवा त्याहून जास्त आले तर थांबून बोलायचं. भाग वेगळे बघितले तर चिंता-उदासीच्या भागात ५, लक्ष देण्याच्या भागात ७ आणि वागणुकीच्या भागात ७ या मर्यादा आहेत. आकडा पालकांच्या हाती देऊ नका. 'मॅडमनी बारा मार्क सांगितले' असं तो नातेवाइकांत फिरतो. आकडा आपल्याला पुढचा प्रश्न सुचवण्यासाठी असतो.

पायरी ३ : बाळाबरोबर आईलाही तपासा

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी : तीन महिन्यांत आई तीनदा समोर येते. भारतातल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास दिसलं आहे. खचलेल्या आईच्या बाळाचं वजन वाढत नाही, दूध 'पुरत नाही' आणि आपण पावडरची चर्चा करत बसतो.

आईचं नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिनबरा प्रश्नावलीत १० प्रश्न आहेत. मी ती सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला देते, आणि चौदाव्याला जास्त लक्ष देते. पहिलटकरीण सहाव्या आठवड्याला बहुतेक माहेरी असते, तिथे तिची उठबस होत असते. सव्वा-तीन महिन्यांच्या सुमाराला ती सासरी परतते आणि चित्र बदलतं. सासूबाई सोबत असतील तर 'आजी, बाळाला जरा वजनाला घेऊन जाता का सिस्टरबरोबर?' एवढं पुरतं, चार मिनिटं मोकळी मिळतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर 'कधीच नाही' सोडून दुसरं काही असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी पुढची व्यवस्था करायची.

पायरी ४ : दहा वर्षांनंतर पालकांना थोडा वेळ बाहेर बसवा

दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस हे निमित्त धरा. मी आई-बाबांसमोरच मुलीला सांगते, "या वयाच्या सगळ्यांशी मी पाच मिनिटं एकटीने बोलते. तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मला गप्प राहता येणार नाही. तेव्हा काय करायचं ते आधी तुला सांगेन." गुप्ततेची हद्द आधी सांगितली नाही, तर नंतरचं प्रत्येक बोलणं मुलांना विश्वासघात वाटतं. तपासणीच्या वेळी मात्र सिस्टर हजर हवीच.

बोलण्याचा क्रम हेड्स पद्धतीचा ठेवा : घर, शाळा, आवडीनिवडी आणि मित्र, मग व्यसनं, मग लैंगिकता, शेवटी मनःस्थिती आणि आत्महत्येचे विचार. सोप्यावरून अवघडाकडे. शेवटचा प्रश्न विचारताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. विचारलं म्हणजे मुलाच्या डोक्यात नसलेलं घातलं जातं, ही भीती खोटी आहे. सरळ विचारा, "आयुष्य संपवावं असं कधी मनात आलंय का?" 'जिवाचं बरंवाईट' असं गुळमुळीत विचारलं की उत्तरही गुळमुळीत येतं.

उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही, पालकांना आत बोलवायचं आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायचं. शेतकरी घरांत मी आणखी एक प्रश्न विचारते : "फवारणीचं औषध कुठे ठेवता?" ते त्याच संध्याकाळी कुलपात गेलं पाहिजे, आणि किल्ली मुलाला माहीत नसलेल्या जागी. घरातल्या गोळ्यांचंही तेच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तासांचा मोफत क्रमांक मी केसपेपरवर हातानेच लिहून देते, छापील पत्रक गाडीतच राहतं.

पायरी ५ : जे आपल्याला जमतं ते पाठवू नका

अंथरूण ओलं होणं घ्या. पाच वर्षांच्या आधी तो आजार धरतच नाहीत. पाचव्या वर्षी साधारण सातात एक मूल रात्री अंथरूण ओलं करतं, आणि दरवर्षी त्यातली काही आपोआप बरी होतात. आधी बद्धकोष्ठता, लघवीतला संसर्ग, मधुमेह आणि घोरणं तपासा. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं असेल तर घरात, शाळेत काय घडलं ते शोधा. बाकीच्यांसाठी दिवसा भरपूर पाणी, संध्याकाळी कमी, झोपण्याआधी लघवी, आणि भिंतीवर कोरड्या रात्रींचं कॅलेंडर. सकाळी चादर मुलाने आईबरोबर उचलायची, शिक्षा म्हणून नाही, कामात हात म्हणून. पाहुण्यांसमोर हा विषय काढायचा नाही, हे मी प्रिस्क्रिप्शनवर औषधासारखंच लिहिते.

रडता रडता श्वास धरून निळं पडणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन पाहा. लोहाची कमतरता भरून काढली की हे झटके बऱ्याचदा कमी होतात. माती खाणाऱ्या मुलालाही तेच लागू. मोबाईलवर जेवणाऱ्या मुलांबद्दल भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या सूचना स्पष्ट आहेत : दोन वर्षांच्या आत व्हिडिओ कॉल सोडून स्क्रीन नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पण 'बंद करा' एवढं सांगून घर बदलत नाही. एकच जेवण निवडा, रात्रीचं, आणि पंधरा दिवस फक्त तेवढंच मोबाईलशिवाय.

चंचल मुलाला पहिल्याच भेटीत एडीएचडी (अवधान कमी, चंचलता जास्त असण्याचा विकार) म्हणू नका. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासूनची आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, म्हणून वर्गशिक्षकांचा फॉर्म हवाच. कान, डोळे, झोप, टॉन्सिल-ॲडिनॉइडही आधी पाहा. बालवाडी मराठीत करून पहिलीला इंग्रजी माध्यमात गेलेलं मूल वर्गात खिडकीबाहेर बघतं, त्याचं कारण पुष्कळदा भाषा असते.

पायरी ६ : चिठ्ठी देऊ नका, भेट घालून द्या

सगळी साखळी इथे तुटते. 'अमुक ठिकाणी जा' म्हटलेल्या पालकांतले बरेच जातच नाहीत. म्हणून मानसशास्त्रज्ञ आपल्या दवाखान्यात आणायचा. आमच्याकडे महिन्यातून दोन गुरुवारी दुपारी एक ताई जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतात. नेमताना चिकित्सा मानसशास्त्रातलं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहा. 'समुपदेशक' ही पाटी कोणीही लावू शकतं. त्यांना बसायला लसीकरणाची खोली दिली, वेगळी पाटी लावली नाही. आणि मी स्वतः मुलाला घेऊन त्या खोलीपर्यंत जाते : "ताई, हा आपला ओंकार, याचं पोट मी बघतेय, शाळेच्या सकाळी काय होतं ते तुम्ही बघा." एका मिनिटाचं चालणं आहे. 'डॉक्टरांनी आपल्याला सोडलं' असं पालकांना वाटू नये, हे त्यात साधतं. पुढची भेट माझ्याकडेही लिहून दिलेली असते, पोटासाठी.

दोघींमधली चिठ्ठी चार ओळींची : त्रास काय, शरीराचं काय तपासलं, घराला काय सांगितलंय, माझा प्रश्न कोणता. तिकडून उत्तर दोन ओळींत आलं तरी चालतं, पण यायला हवं.

ताई मिळत नसतील तर फोन आहे. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्याने २००४ मध्ये बालरोगतज्ज्ञांना फोनवर बालमानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला मिळेल अशी व्यवस्था उभी केली, पुढे इतर राज्यांनी ती उचलली. आपण तेच लहान प्रमाणात करू शकतो : शहरातल्या एका तज्ज्ञाशी आठवड्यातला ठरलेला अर्धा तास, मानधन ठरवून. मुलांचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवताना पालकांची लेखी परवानगी घ्या आणि काम झालं की पुसून टाका.

खर्च न झेपणाऱ्यांसाठी सरकारी वाट आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि विकासातला विलंब त्याच्या चार मुख्य विषयांपैकी एक आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं त्यांचं पथक जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवू शकतं. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत, तेव्हा प्रमाणपत्राचा विषय दहावी जवळ येण्याची वाट न पाहता काढा. दहावीच्या डिसेंबरात धावणारे पालक बघवत नाहीत.

पायरी ७ : काय लिहायचं, काय कळवायचं

फाइल घरभर फिरते, शेजारीही वाचतात. म्हणून केसपेपरवर 'शाळेचा ताण, पुढची भेट गुरुवारी' एवढंच, बाकी तपशील आमच्याकडच्या वेगळ्या नोंदीत. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर मात्र निवडीला जागा नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे शंका असली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं कलम २१ खाली गुन्हा आहे. खात्री करून घेण्यासाठी मुलाची उलटतपासणी घेऊ नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, उपचार लगेच सुरू करा आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक हाताशी ठेवा.

सुरुवात कुठून करायची असं मला तरुण सहकारी विचारतात. सातही पायऱ्या एकदम चढायला जाऊ नका. केसपेपर पुढच्या वेळी छापायला टाकाल तेव्हा वजन-उंचीच्या चौकोनाखाली आणखी एक चौकोन घाला : झोप, शाळा, घर. पहिला महिना फक्त तो भरा. दुसऱ्या महिन्यात बूस्टरला एम-चॅट. ताई किंवा फोनवाले तज्ज्ञ ठरल्याशिवाय बाकीच्या प्रश्नावल्या काढू नका. पुढे नेणारं कोणी नसताना नुसता त्रास शोधून ठेवणं पालकांवर अन्याय आहे. तीन महिन्यांनी एक वही घ्या आणि पाठवलेल्या मुलांपैकी किती पोचली ते मोजा. जी पोचली नाहीत त्यांच्या घरी सिस्टरने फोन करायचा. 'गुरुवारी का आला नाहीत?' असं विचारायचं नाही. 'पोट कसं आहे आता?' असं विचारायचं.